घड्याळाखाली भेटू

मुलांनो, जत्रेत हरवलेल्या मुलांची नावे कर्ण्यावरून पुकारलेली तुम्ही ऐकली असतील. माझेही नाव एकदा असेच पुकारले गेले होते. मी तेव्हा सात वर्षांची होते. सोमवती अमावास्येला आम्ही जेजुरीला गेलो होतो. गडाच्या पायऱ्यांवर माणसांचा पूर लोटला होता. भंडाऱ्याने सगळे पिवळेधमक झाले होते. त्या गडबडीत आईचा पदर माझ्या हातातून सुटला. मी काय केले असेल? रडत रडत पायऱ्या चढत सुटले. आणि आई? ती मला शोधत पायऱ्या उतरत होती! मी वर, आई खाली. मी जितकी शोधत होते, तितकी तिच्यापासून दूर जात होते. शेवटी बांगड्या विकणाऱ्या एका मावशींनी माझा हात धरला आणि मला आपल्या दुकानाशी बसवले. "आता जागची हलू नकोस, आई येईल," असे म्हणून त्यांनी कर्ण्यावाल्याकडे निरोप धाडला. अर्ध्या तासाने आई आली. तिने आधी मला एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरले.

मावशींचे बोलणे साधेच होते. पण विचार करून पाहा. हरवलेले मूल एका जागी थांबले, की शोधणाऱ्याला एकेक जागा पाहत पुढे जाता येते. दोघेही चालत राहिले, तर पाहून झालेल्या जागी मूल पुन्हा येते आणि भेट होतच नाही.

आज आपण जेजुरीहून खूप दूरच्या गर्दीत जाणार आहोत. प्रवास मनाने करायचा, पण तयारी मात्र खरीखुरी करायची.

समजा, तुमचे काका नोकरीनिमित्त इंग्लंडमधील बेसिंगस्टोक या गावी राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही त्यांच्याकडे गेला आहात. हे गाव लंडनच्या नैर्ऋत्येला सुमारे ७७ किलोमीटरवर आहे. पुण्याहून लोणावळा आहे, त्याहून थोडे लांब. लोकवस्ती एक लाखाहून जास्त. रेल्वे येथे १८३९ सालीच आली. जेन ऑस्टेन या प्रसिद्ध इंग्रज लेखिकेचा जन्म १७७५ साली येथून जवळच असलेल्या स्टीव्हन्टन या खेड्यात झाला. २०१७ साली बेसिंगस्टोकच्या बाजारचौकात तिचा पुतळा उभारला आहे. पण गावाची खरी गंमत म्हणजे तेथील वाहतुकीची वर्तुळे. रस्ते एकमेकांना मिळतात तेथे मधोमध गोल बेट असते आणि मोटारी त्याला वळसा घालून जातात. अशी वर्तुळे येथे इतकी आहेत, की लोक गावाला थट्टेने 'डोनट सिटी' म्हणतात. डोनट म्हणजे मेदूवड्यासारखा मध्ये भोक असलेला गोड पदार्थ.

शनिवार आहे. आज सगळ्यांनी लंडनला जायचे ठरले आहे. काकू डबे भरत आहेत. भरता भरता त्या विचारतात, "आपला पत्ता सांग बरं!"

तुम्ही गोंधळता. रस्त्याचे नाव मोठे आणि उच्चार अवघड. काकू हसून सांगतात, "घराचा क्रमांक आणि पोस्टकोड, एवढंच पाठ कर." आपल्याकडे १९७२ पासून सहा अंकी पिनकोड आहे. एका पिनकोडात आख्खे पोस्ट ऑफिस आणि त्याखालची हजारो घरे येतात. इंग्लंडचा पोस्टकोड अक्षरे आणि अंक मिळून होतो व एका पोस्टकोडात सरासरी पंधराच घरे येतात. म्हणून घराचा क्रमांक आणि पोस्टकोड कळला, की पोलीस थेट तुमच्या दारात येऊन उभे राहू शकतात. बेसिंगस्टोकचे पोस्टकोड 'आर जी' या अक्षरांनी सुरू होतात.

काकांचा फोन क्रमांकही पाठ हवा. त्यातही एक मेख आहे. भारतातून आपण तो क्रमांक अधिक ४४ लावून फिरवतो. तेथल्या तेथे फिरवताना ४४ च्या जागी शून्य लावायचे असते. तुम्हांला कोणी आपला फोन दिला आणि कोणता क्रमांक लावू म्हणून विचारले, तर शून्यापासून सांगा. हा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून खिशात आत ठेवा. दप्तराच्या बाहेर आपले नाव मोठ्या अक्षरांत लिहू नका. अनोळखी माणूस ते वाचून तुम्हांला नावाने हाक मारील आणि तुम्हांला वाटेल, हा आपल्या ओळखीचाच आहे.

पासपोर्टाचे काय? तो बरोबर घेऊ नका. इंग्लंडमध्ये पाहुण्याने रस्त्यावर पासपोर्ट जवळ बाळगलाच पाहिजे असा कायदा नाही. मोठी माणसे तो घरात जपून ठेवतात आणि त्याची प्रत सोबत घेतात. परदेशात पासपोर्ट हरवला, तर आधी पोलिसांना कळवावे लागते व मग आपल्या देशाच्या कचेरीत जावे लागते. लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्तालय ऑल्डविच भागातील 'इंडिया हाऊस' या इमारतीत आहे. घरी परतण्यापुरता दाखला तेथून मिळू शकतो. पण त्यात सहलीचे दिवस वाया जातात.

चला, निघू या. स्थानकाकडे पायी जायचे आहे. इंग्लंडमध्ये वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून आपल्याला वाटते, येथे काय शिकायचे? तेथेच चूक होते. आपल्याकडे मोटार दिसण्याआधी भोंगा ऐकू येतो. तेथे भोंगा क्वचितच वाजतो. विजेवर चालणाऱ्या मोटारी हळू चालताना तर फारसा आवाजच करीत नाहीत. तेव्हा नुसत्या कानांवर विसंबून चालणार नाही, मान वळवून पाहायलाच हवे. मोठ्या वर्तुळापाशी रस्ता अंगावर ओलांडू नका. पादचाऱ्यांसाठी रस्त्याखालून वाट असेल, तर तिनेच जा.

काही ठिकाणी काळे-पांढरे पट्टे आणि दोन्ही बाजूंच्या खांबांवर पिवळे गोल दिवे दिसतात. हे दिवे १९३४ साली आले, पट्टे १९५१ साली. तेथे वाहनाने थांबावे असा नियम आहे आणि बहुतेक वाहने थांबतातही. तरी मोटार पुरती उभी राहीपर्यंत पाऊल टाकू नका. इतर ठिकाणी खांबावर बटण असते. ते दाबून हिरवा माणूस उजळेपर्यंत थांबायचे. कोठे हा माणूस समोर दिसतो, तर कोठे तुमच्याच बाजूच्या खांबावर, बटणाजवळ. समोर दिसला नाही म्हणून घाबरू नका.

लंडनच्या रस्त्यांवर तर कडेला पांढऱ्या रंगात चक्क लिहिलेले असते : 'लुक राइट', म्हणजे उजवीकडे पाहा. उजव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या देशांतून पाहुणे येतात. सवयीने ते आधी डावीकडे पाहतात आणि मोटार येते उजवीकडून! पण काही रस्त्यांवर 'लुक लेफ्ट' असेही लिहिलेले असते, कारण तो रस्ता एकेरी असतो. म्हणून आपणही ती अक्षरे वाचावीत, दोन्हीकडे पाहावे आणि मगच पाऊल टाकावे.

बेसिंगस्टोकहून आगगाडीने तासाभरात लंडनचे वॉटर्लू स्थानक येते. केवढे मोठे स्थानक! चोवीस फलाट. काचेच्या उंच छपराखाली माणसांची नुसती रीघ लागलेली असते. या सगळ्यांच्या डोक्यावर, मधोमध, चार तोंडांचे एक मोठे घड्याळ टांगलेले आहे. कोणत्याही बाजूने आलात, तरी ते दिसते. मुंबईचे लोक "इंडिकेटरखाली भेटू" म्हणतात ना, तसे लंडनचे लोक "वॉटर्लूच्या घड्याळाखाली भेटू" म्हणतात.

काका घड्याळाखाली उभे राहून सर्वांना सांगतात, "या स्थानकात कोणी चुकलं, तर येथे यायचं आणि येथेच थांबायचं. आम्ही बाकीचेही येथेच येऊ."

ही गोष्ट चुकामूक होण्याआधी ठरवायची असते. नंतर ठरवायला आपण एकत्र असतो कोठे?

आता जमिनीखालची रेल्वे. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. ही जगातील पहिली भुयारी रेल्वे. आपल्याला 'नॉर्दर्न' मार्गाने जायचे आहे. नकाशात त्याचा रंग काळा आहे. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभे राहा. डावी बाजू घाईने चालणाऱ्यांसाठी मोकळी सोडतात. कपड्याची सैल टोके आणि बुटाची नाडी सांभाळा.

फलाटावर एक गाडी येते. तुम्ही धावता. काका थांबवतात. "ही हाय बार्नेटला जाणारी आहे. आपल्याला एजवेअरची हवी." एकाच फलाटावर दोन्ही गाड्या येतात आणि पुढे कॅम्डन टाउनपासून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. मुंबईच्या दादरला कर्जत आणि कसारा अशा गाड्या येतात, तसेच हे. गाडीच्या तोंडावरची पाटी वाचल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही.

दुसरी गाडी येते. हीच आपली. गर्दी आत शिरते. तुम्ही चपळाईने आत जाता. पीं पीं असा आवाज होतो आणि दारे बंद होतात. मागे वळून पाहता, तर काका, काकू, भावंडे सगळी काचेच्या पलीकडे, फलाटावर! गाडी हलते.

पोटात खड्डा पडला ना? पडणारच. मोठ्या माणसांच्याही पडतो.

आता काय कराल? दारावर धक्के मारू नका. हात घालून दार उघडण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका. गाडी नदीखालून जाते आणि दोनएक मिनिटांत पुढचे स्थानक येते. त्याचे नाव एम्बँकमेंट. दारे आपोआप उघडतात. तेथे उतरा. उतरल्यावर फलाट सोडू नका. जिना चढू नका. परतीच्या गाडीत बसून वॉटर्लूला जाऊ नका. तुम्ही परत गेलात आणि काका पुढे आले, तर जेजुरीच्या पायऱ्यांवर झाले तेच येथे होईल. जो पुढे गेला त्याने पुढच्या स्थानकावर उतरून थांबायचे आणि मागच्यांनी पुढच्या गाडीने तेथे यायचे. जो फलाटावर मागे राहिला, त्याने होता तेथेच थांबायचे. हे मात्र घरातल्या सर्वांना आधीपासून माहीत हवे.

एम्बँकमेंटच्या फलाटावर तुम्ही भिंतीला लागून उभे आहात. फलाट वळणाचा आहे. म्हणून गाडी आणि फलाट यांमध्ये फट राहते. तिच्याबद्दल सावध करणारा एका पुरुषाचा भारदस्त आवाज ऐकू येतो, "माइंड द गॅप." फटीकडे लक्ष द्या. या आवाजाची एक गोष्ट आहे. ती ऐका, तेवढ्यात काकांची गाडी येईल.

हा आवाज ऑस्वल्ड लॉरेन्स नावाच्या एका नटाचा. अनेक वर्षांपूर्वी त्यांनी ही सूचना ध्वनिमुद्रित केली. २००७ साली ते वारले. त्यानंतर त्यांची पत्नी या फलाटावर येऊन बसत असे आणि पतीचा आवाज ऐकत असे. गाडी निघून गेली तरी ती दुसऱ्या गाडीची वाट पाहत बसे. २०१२ च्या अखेरीस एक दिवस तिला वेगळाच आवाज ऐकू आला. यंत्रणा बदलली होती. तिने रेल्वेकडे विचारणा केली. रेल्वेच्या लोकांनी जुने ध्वनिमुद्रण शोधून काढले, तिला त्याची प्रत दिली आणि २०१३ साली या फलाटावर तो आवाज पुन्हा सुरू केला. एवढ्या मोठ्या शहराच्या एवढ्या धावपळीच्या रेल्वेत एका बाईसाठी कोणी असे केले, हे मला फार आवडते.

गाडी आली आणि काका उतरले नाहीत, तर? आणखी एक गाडी पाहा. तरीही आले नाहीत, तर गणवेशातील कर्मचाऱ्याला सांगा. फलाटावर मदतीसाठी बोलण्याचे यंत्र असते, त्याचे बटणही दाबता येते. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते. "आय ॲम लॉस्ट. प्लीज हेल्प मी." ही दोन वाक्ये पुरेशी आहेत. लाजू नका. तुमच्याजवळ तिकीट नसेल, कारण अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसासोबत या रेल्वेत ते लागत नाही. तिकीट नाही म्हणून कोणी रागावेल, ही भीती मनातून काढून टाका.

मदत कोणाकडे मागावी? पोलीस दिसला, तर उत्तम. तेथील पोलिसांच्या टोपीवर बहुधा काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी असते. पोलीस नसेल, तर दुकानातील गल्ल्यावर बसलेली व्यक्ती, किंवा लहान मुलांना घेऊन निघालेली एखादी आई. पण मदत मागायची ती जेथे उभे आहात तेथेच. "चल, मी तुला काकांकडे नेतो," असे कोणी म्हटले, तर जाऊ नका. गोड बोलणारा असला तरी जाऊ नका. खरा मदत करणारा माणूस फोन लावून देतो, नाहीतर कर्मचाऱ्याला बोलावून आणतो. तुम्हांला घेऊन जाण्याची त्याला गरजच नसते. कोणी हात धरून ओढले, तर मोठ्याने ओरडा. अशा वेळी मराठीत ओरडलात तरी लोक वळून पाहतात.

मोठे संकट असेल, म्हणजे कोणी जखमी झाले, आग लागली, कोणी त्रास देऊ लागले, तर ९९९ हा क्रमांक फिरवावा. तो १९३७ साली लंडनमध्येच सुरू झाला. त्यासाठी पैसे पडत नाहीत. पलीकडून विचारतात, पोलीस हवेत, अग्निशामक दल हवे की रुग्णवाहिका? नंतर विचारतात, तुम्ही कोठे आहात? म्हणून उभे असलेल्या जागेची पाटी आधी वाचून ठेवा. ११२ क्रमांकही तेथे चालतो. आपल्याकडेही ११२ आहे आणि मुलांसाठी खास १०९८ आहे. हे तुम्हांला येथे, आपल्या गावातही, उपयोगी पडतील.

ही पाहा काकांची गाडी! काका उतरले. ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला आहे. काकूंनी तुमचा हात घट्ट धरला आहे. पुढच्या गाडीत आधी लहान मुले आणि शेवटी एक मोठे माणूस असे न चढता, एक मोठे माणूस पुढे, मुले मध्ये आणि एक मोठे माणूस मागे, असे सगळे चढतात.

चॉक फार्म स्थानकावर उतरून थोडे चालले, की किंग हेन्रीज रोड लागतो. तेथील १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. तेव्हा ते लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि कायदा यांचा अभ्यास करीत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर विकत घेतले आणि तेथे त्यांचे स्मारक केले. दारासमोर उभे राहून छायाचित्र काढावेसे वाटते. काढा, पण मागे मागे सरकत रस्त्यावर उतरू नका. छायाचित्र नीट यावे म्हणून लोक पाठीमागे न पाहता सरकतात आणि मागून सायकल येते.

दुपारी पुन्हा वॉटर्लूला येऊन काका सर्वांना वेस्टमिन्स्टर पुलाकडे नेतात. पलीकडे संसदेचा घड्याळाचा मनोरा दिसतो. पुलावर एक घोळका जमला आहे. मधे एक माणूस तीन पेले उलटे घालून झपाझप फिरवीत आहे. चेंडू कोणत्या पेल्याखाली आहे ते ओळखा आणि दुप्पट पैसे मिळवा! एक बाई बरोबर ओळखते आणि नोटा घेऊन हसते. तुम्हांलाही चेंडू अगदी स्पष्ट दिसला होता. वाटते, आपणही जिंकलो असतो. पण ती बाई त्या माणसाच्याच टोळीतली असते. टाळ्या वाजवणारेही त्यातलेच. तुम्ही पैसे लावले, की चेंडू पेल्याखालून गुपचूप काढून घेतला जातो. आपल्या जत्रांत तीन पत्त्यांचा डाव असतो ना, त्याचेच हे भावंड. शिवाय सगळे वाकून पेल्यांकडे पाहत असताना मागच्या मागे एखाद्याचे पाकीटही जाते. काका न थांबता पुढे चालू लागतात.

काकूंना नकाशा पाहायचा आहे. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून फोन काढत नाहीत. आधी भिंतीकडे सरकतात, पाठ भिंतीला लावतात आणि मग पाहतात. लंडनमध्ये दुचाकीवरून भरधाव येऊन हातातला फोन हिसकावून नेणारे चोर आहेत. फोन गेलाच, तर त्यांच्यामागे धावायचे नाही. फोन दुसरा मिळतो.

परतीच्या गाडीत तुम्हांला डुलकी लागते. बेसिंगस्टोकला उतरता, तेव्हा आकाशात चांगला उजेड आहे. तुम्ही म्हणता, "काकू, आता बागेत खेळायला जाऊ का?" काकू मनगटावरचे घड्याळ दाखवतात. नऊ वाजले आहेत! जून महिन्यात येथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. डिसेंबरात मात्र दुपारी चारच्या आतच. येथे उजेड पाहून घरी परतायची वेळ ठरवता येत नाही.

स्थानकाबाहेर पडताना काका म्हणतात, "आज घरी तूच ने आम्हांला. घराचा क्रमांक?"

तुम्ही सांगता.

"आणि पोस्टकोड?"

तुम्ही सुरुवात करता, "आर... जी..."